साजिदला दिलेला ‘ड’

त्या दिवशी बाळापेक्षा मीच जास्त रडवेली झाले होते. मी एका वेबसाइटसाठी फुटबॉल क्लबांनी फुकटात घेतलेल्या, जुना करार संपलेल्या खेळाडूंना हंगामाअखेर श्रेणी देते. यंदा त्यात शेजारच्या खालांचा मुलगा साजिद होता, आणि माझ्या कामाच्या वेळी बाळाला खालाच सांभाळतात. तरी सगळे सामने पुन्हा पाहून मी ‘ड’च दिला.

सकाळी खाला दारात. “बेटी, साजिदला ‘ड’ तू दिला?”

“हो खाला. आणि बदलणार नाही.”

“नकोच बदलू. बॉल गेला की मागं पळत नाय, मला बी दिसतं. पण आई हाय ना, माझ्याच्यानं त्याला सांगवत नाय.” त्यांनी बाळाला कडेवर घेतलं. “याचे मार्क मात्र मी देणार.”