राणीसरकारांचा होकार

आदरणीय अध्यक्षबाई, व्यासपीठावरचे विद्यापीठातले पाहुणे, मागे दाराशी उभे असलेले पालक आणि माझ्या सहकारी मैत्रिणींनो,

खरं तर मला बोलायचं नव्हतं. सव्वीस वर्षं विशेष मुलांच्या वर्गात बोलून घसा बसलाय, गुडघेही बसलेत. पण ज्यांना आज आपण निरोप देतोय, त्या माझ्या शेजारच्या वर्गातल्या बाईंनी, आता डॉक्टरबाईंनी, हट्टच धरला. पीएचडीची आठ वर्षं हिचे तास मी घेतले. तेव्हा त्या पदवीतली निदान एक वेलांटी माझी असावी.

हिचा विषय मेंदूचा. मुलाच्या डोक्यावर तारांची टोपी घालायची आणि वाक्यं ऐकवायची. ‘मी चहा पिते.’ ‘मी खुर्ची पिते.’ दुसरं वाक्य विचित्र आहे हे ज्याला कळतं, त्याच्या मेंदूची रेघ वेगळी उठते. तोंड उघडावं लागत नाही.

माझ्या वर्गात बारा वर्षांची एक मुलगी होती. चाकाच्या खुर्चीत बसायची, बोलत नव्हती, हात ताब्यात नव्हते. आम्ही तिला राणीसरकार म्हणायचो. टोपी दिसली की किंचाळायची. मग तीन आठवडे तीच टोपी घालून मी फळ्यापुढे उभी राहिले. केसांत तो चिकट लेप! घरी यजमान म्हणाले, “आता तुझाही मेंदू तपासायला घेतला का?” चौथ्या आठवड्यात राणीसरकारांनी टोपी घालून घेतली.

निकाल घेऊन ही आली, तेव्हा चेहरा उतरलेला. मला वाटलं, काम फसलं.

“ताई, तिला वाक्यं कळतात,” ही म्हणाली. “तीनदा तपासलं.”

आनंद व्हायला हवा होता ना? पण सहा वर्षं मी त्या मुलीच्या डोक्यावरून तिच्या आईला सांगत होते, “हिला काही कळत नाही हो, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

आईला सांगितलं. ती म्हणाली, “अहो बाई, हिला कायमचं संस्थेत ठेवायचं का, हे आम्ही हिला भरवता भरवताच बोलत आलोय.”

पुढचं काम प्रबंधात बसत नव्हतं. मार्गदर्शकांनी बजावलं, यात वेळ घालवू नका. हिने मुदत वाढवून घेतली आणि अकरा महिने, शाळा सुटल्यावर, डावीकडे ‘हो’ आणि उजवीकडे ‘नाही’ अशा पाट्या धरून बसली. राणीसरकारांनी उत्तर नजरेने द्यायचं. किती दिवस ती नजर छताकडेच जायची! पाट्या कपाटात टाकून आम्ही दोघी घरी जायचो.

शेवटी नजर टिकू लागली. आईला बोलावलं. तिने पहिलाच प्रश्न विचारला, “माझा राग आलाय का तुला?”

नजर ‘हो’वर गेली. हललीच नाही.

आईने डोळे पुसले. म्हणाली, “बरं. चल घरी, नीट भांडू.”

माझ्या शिफारशीसाठी दिलेला संस्थेचा अर्ज तिने दुसऱ्या दिवशी माझ्याकडून परत मागून घेतला.

हे प्रबंधात कुठेच नाही, म्हणून इथे सांगितलं. मी दमलेय, आणि सोमवारपासून हिचा वर्गही माझ्याकडेच आहे. वेळ दिलात, ऐकून घेतलंत, मनापासून आभार. कुणाचा मान राहून गेला असेल, एखादा शब्द जास्त गेला असेल, तर पोटात घ्या. राणीसरकार पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांची माफी मी वेगळी मागितली आहे. उत्तर अजून आलेलं नाही.