खंडेनवमीचा चेंडू

सांगायचं नव्हतं, पण चहा पाजून पाजून तोंड उघडायला लावता तुम्ही. ऐका मग.

दिगंबर पगार आमच्या कॉलेजचा बास्केटबॉलचा कोच. देवळ्याचा गडी, राज्याकडून खेळलेला. गुडघा गेला, उडी बंद झाली, म्हणून शिकवायला लागला. मी तिथला वॉचमन. खंडेनवमीला आम्ही चेंडू पुजून खोलीत ठेवले. पुजलेल्या वस्तूला त्या दिवशी हात लावायचा नसतो, म्हणून मी कुलूप घातलं.

दुपारी कोर्टावर चेंडू आपटल्याचा आवाज यायला लागला. पगार तरातरा आला.

"बाबा, पोरं कशाला आत सोडली? नोकरी घालवीन तुमची!"

"डोळे हायेत ना सर? बघा की."

कोर्ट रिकामं. आवाजही थांबला. खोलीचं कुलूप तसंच. उघडली तर एका चेंडूचं कुंकू पुसलेलं, अन् चेंडू घामानं ओला. अन् बाहेर कोर्टावर, रिंगमागच्या फळीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात त्या कुंकवाचा ठसा उमटलेला.

पगार गुडघा धरून खालीच बसला. "बाबा, हा माझा शॉट. तिथं आपटून आत टाकणारा मी एकटाच होतो."

दसरा झाल्यावर प्रिन्सिपॉलनं ठशाचं विचारलं, तर यानंच सांगितलं, वॉचमननं पोरं सोडली. माझी नोकरी गेली.

ते त्याच्याच गेलेल्या उडीचं भूत असंल, पण त्या भुतानं माझं काय वाकडं केलं नाय. माफी मागायची राहिलीय ती दिगंबर पगारनं.