दोन ओळी आणि तीन वर्षं

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या मासळी निर्यात कंपनीचे मालक फ्रान्सिस साहेब, व्यासपीठावरील आदरणीय फादर, आज निवृत्त होत असलेल्या आमच्या फ्लॉसीताई, कामणच्या कोल्ड स्टोरेजमधून आणि पाचूबंदरच्या धक्क्यावरून आवर्जून आलेल्या बंधू-भगिनींनो,

मी कौस्तुभ, ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळतो. चार गोड शब्द बोलून खाली बसायचं, एवढंच ठरवून आलो होतो. पण मघाशी साहेब म्हणाले, "ती एक चूक सोडली, तर फ्लॉसीताईंची एकतीस वर्षं निष्कलंक." कोणती चूक? तीन वर्षांपूर्वीची, नाही का साहेब? जरा पाणी घेतो.

आपल्याकडे थोरल्या साहेबांपासूनची शिस्त आहे. आवक वहीतली जुनी ओळ खोडायची नाही, खाली नवी लिहायची. मी नवा होतो, पहिल्याच दिवशी शिकलो. कंपनीचा ईमेल नव्या सेवेवर नेला, तेव्हाही तेच केलं. आपल्या नावाने ईमेल कोणी पाठवायचा, हे जगाला सांगणारी एक ओळ डोमेनच्या, म्हणजे कंपनीच्या इंटरनेटवरच्या नावाच्या, नोंदीत असते. एसपीएफ म्हणतात तिला. मी जुनी तशीच ठेवली, खाली नवी लिहिली. शहाणपणा तिथेच थांबला असता तर! वर हुकूमही टाकला, की तपासणीत नापास होणारा ईमेल सरळ नाकारा. आणि ईमेल आपलाच असल्याची दुसरी खूण, ती डिजिटल सही? ती उद्या लावू म्हणालो.

अहो, ही ओळ एकच असावी लागते. दोन दिसल्या की दोन्ही बाद. दुसऱ्या दिवशी आपले ईमेल परत यायला लागले. कोळंबीचा कंटेनर परदेशी बंदरात उभा. आरोग्य दाखला पाचपर्यंत पोचला नाही तर सगळा माल परत, आणि ते लोक कंपनीच्या पत्त्याशिवाय कुठलाही कागद घेत नाहीत. घड्याळात पावणेचार. मी रडत रडत तोच ईमेल पुन्हा पुन्हा धाडत होतो हो!

परत आलेला ईमेल मी वाचलाच नव्हता. निर्यातीचे कागद ताईच बघायच्या; त्यांनी तो वाचला, शेवटच्या शब्दापर्यंत: एसपीएफच्या दोन ओळी सापडल्या. मला बाजूला सारून खुर्चीत बसल्या. "ह्या दोन कशाला रे? आनी रडतोस काय, आधी कागद पोचू दे." दोन्हींची मिळून एक ओळ केली. पण बदल सगळीकडे लागू व्हायला वेळ लागतो. आम्ही पाठवत होतो, परत येत होता. चार चाळीस, परत. चार पन्नासला गेला.

तेवढ्यात साहेब आत आले. "कोणी केला हा घोळ?" खुर्चीत ताई होत्या. मी म्हणालो, "ताईंनी सेटिंग बदललंय."

शब्द खरे, पण साफ खोटं बोललो; घोळ माझा होता. ताईंनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि दोष अंगावर घेतला. नंतर जिन्यात म्हणाल्या, "तुजी नोकरी नवी हाय. माजी टिकंल." नोकरी टिकली, पण निर्यातीचं टेबल गेलं. तीन वर्षं त्या धक्क्यावर बर्फाच्या गाड्यांची नोंद घेत बसल्या, आणि मला बढती मिळाली.

साहेब, माझं काय करायचं ते उद्या ठरवा. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला. त्या दुपारचं मात्र पोटात घाला, असं मी सभागृहाला सांगणार नाही. फ्लॉसीताई, ती क्षमा फक्त तुमच्याकडे मागतो, आणि तुम्ही नाही म्हणालात तरी माझी तक्रार नसेल.