अर्पिता चारही गटांत

चिखलीच्या स्टँडवर अर्जुनराव अमडापूरच्या गाडीची वाट पाहत बसला होता. मागच्या बाकावर त्याच्या लेकीच्या शाळेतले सर आणि मॅडम येऊन बसले. दोघांनी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं.

"सर, वाचनाचे चार गट पाडायचे आहेत. ज्याला जसं वाचता येतं तसं पुस्तक द्यायचं, आपण जवळ बसून ऐकायचं."

"पाडा ना मग. मोगरा, जाई, जुई, शेवंती."

"नावं ठरतील हो. पण आधी प्रत्येकाचं वाचन ऐकावं लागेल."

"कायले? सोमवारी शाळा तपासाले साहेब येऊन राह्यले. अर्पिता फडाफडा वाचते, तिले चारही गटांत बसवा."

"एकच पोरगी चार गटांत?"

"साहेब एका वेळी एकाच गटापाशी थांबतात. ते उठले की अर्पितानं उठायचं."

"आणि डिंपल? मी जवळ बसले तर अडखळत का होईना, वाचते ती."

"तिले सोमवारी घरीच ठेवा. उवा झाल्या म्हणून बापाले निरोप धाडा."

अर्जुनरावानं मान वळवली.

"भेटला निरोप, सर. मीच डिंपलचा बाप."

"अहो, तसं नव्हतं म्हणायचं मले..."

"सोमवारी तिले घेऊन येतो. मीबी बसतो वाचाले. मले कोन्त्या गटात टाकता?"

सर गाडीची पाटी वाचू लागले.

"शेवंतीत या, भाऊ," मॅडम म्हणाल्या. "डिंपलच्या शेजारी. साहेबांना मी तिथंच आधी आणते."