हेमाचे बारीक टाके

सन्माननीय अध्यक्ष खोतसाहेब, मंचावरचे मामलेदारसाहेब, हेडमास्तर, ज्यांना आज निरोप द्यायचा ते आपले डॉक्टर आठल्ये, आणि पूर्णगडच्या समस्त मंडळींनो,

हळदीकुंकवाला मला कुणी बोलवीत नाही, भाषणाला बोलावलंत. विधवेचं तोंड बघवत नाही, पण ऐकवतं तर!

डॉक्टरांनी कुणाकुणाला बरं केलं ते हेडमास्तरांनी सांगितलं. मी सांगत्ये ती बरी झाली नाही. माझी नात, हेमा. जन्मापासून ओठ जांभळे, बोटांची टोकं फुगलेली. चार पावलांत धाप. बसवली की अधिकच निळी पडायची, निजवली की जरा बरी. डॉक्टर छातीला नळी लावून ऐकायचे नि म्हणायचे, "यमुनाबाई, मला कळत नाही." असं म्हणणारा डॉक्टर दुसरा बघितलात कुणी?

गावाला मात्र कळलं होतं. माझ्या सुनेनं, दमयंतीनं, गरोदरपणी ग्रहणात भेंडी चिरली. झालं! अध्यक्षमहाराज, माझ्या सखारामासाठी दुसरं स्थळ आणलंत ते तुम्हीच ना? हसू नका रे, पत्रिकासुद्धा जुळवून आणली होती त्यांनी.

सहाव्या वर्षी हेमा गेली. डॉक्टर अंगणात येऊन हळूच म्हणाले, "उघडून बघू द्याल?"

सखाराम ओरडला, "आई, मेल्यावरही पोरीचे हाल?"

"आणि जितीचे चाललेत, त्यांचं काय?" मी दमयंतीकडे बोट करून म्हटलं.

दमयंतीनं एवढंच विचारलं, "परत नीट शिवाल ना?"

शिवलं हो. झबल्याला घालतात तसे बारीक टाके. मीच तिला कापडात गुंडाळली, मी पाहिलेत.

मग आमच्या पायरीवर उभं राहून डॉक्टरांनी सगळ्या वाडीला सांगितलं, "पोर आईच्या पोटात असतानाच फुप्फुसातली शीर भलतीकडे जोडली गेली. पाटाचं पाणी आगरात न शिरता थेट वहाळाला मिळावं, तसं रक्त हवा न घेताच परत फिरायचं. आईनं काय चिरलं, याचा काही संबंध नाही."

"औषध होतं का?" मी विचारलं.

"नाही," म्हणाले. खोटा धीर दिला नाही.

दमयंती त्या खांबाशी बसल्ये. पुन्हा दिवस गेलेत. तोंड लपवू नको गो! येत्या पुनवेला ग्रहण आहे. विळीला धार मी लावून ठेवल्ये, शेजारी मीच बसणार. भेंडी खोतांच्या परसातली. द्याल ना, खोतसाहेब?

डॉक्टर, मंडणगडला सुखानं जा. मंडळींनो, एवढं ऐकून घेतलंत, उपकार झाले. माझं काही चुकलं असेल तर पोटात घाला. आणि देव न करो, हेही मूल निळं निघालं, तर विळीचं नाव कुणी काढायचं नाही.