दोनवर ठेवलेला रेझर

नाही नाही, तो परत ठेवा — छान आहे, चकचकीत आहे, सगळं आहे, पण त्याला खाली ती फिरवायची चकती कुठेय? आकड्यांची. मघापासून तेच सांगतोय ना काका, पात्याचं तोंड कमीजास्त करता येतं, तो. एकवर ठेवला की पातं जेमतेम बाहेर, आणि पुढे पुढे नेलं की उघडत जातं, मग तो खरवडायला लागतो. मला पुढचं काही नको. मला एक आणि दोन पाहिजे, उरलेले आकडे तुम्ही काढून ठेवले तरी चालतील. — कुणासाठी म्हणजे? माझ्यासाठी नसेल असं का वाटलं? हां, दाढी. खरंय, मला येतेच कुठे, हनुवटीला चार केस आणि ओठावर सहा. वडिलांसाठी. वडिलांसाठी पाहिजे.

मशीन नको. मशीन आणलं होतं, चालू केल्याबरोबर बाबा खुर्चीत एवढे दचकले की माझाच हात उडाला. त्यांना दिसत नाही ना. दिसत नाही, आणि अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून डावा गाल असून नसल्यासारखा. उजवीकडे लागलं तर ओरडतात तरी. डावीकडे कापलं तर त्यांना कळतच नाही — रक्त ओघळत ओठापर्यंत येतं, जिभेला चव लागते, तेव्हा विचारतात, काय रे, खारट काय लागतंय? आणि त्यात ती रक्त पातळ करायची गोळी चालू. एवढंसं खरचटलं तरी थांबत नाही, टॉवेल भरतो. म्हणून म्हणतोय हलका पाहिजे. सगळ्यात हलका. तुमच्याकडे लोक येत असतील, गुळगुळीत करणारा द्या म्हणत — मला गुळगुळीत नको, खुंट राहिले तर राहू देत. रक्त नको.

न्हावी? घरी बोलवू? आमच्या कोपऱ्यावरचा भला माणूस आहे हो, पण त्याचं तोंड आधी चालतं आणि कात्री मग. तो दारातून आत येईल आणि पहिलं वाक्य काय बोलेल माहितीये — ‘फार वाईट झालं हो.’ झालं. संपलं सगळं. — काही नाही. काही नाही म्हटलं ना. तो दाखवा, त्या कोपऱ्यातला, काळ्या दांडीचा.

हा जड आहे. जड बरा. दादा म्हणायचा, रेझर जड असला की हात हलका राहतो — दाबायचं नाही, त्याच्या वजनानं उतरू द्यायचा. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, बाबांची दाढी तोच करायचा. हात असा होता त्याचा, की बाबांना मध्येच डुलकी लागायची, तोंडाला फेस आणि घोरतायत. मी हसायचो. — थांबा, जरा बोलू नका, मला डोळे मिटून ऐकायचंय. … नाही. हा फिरतो, पण मुका आहे. गुपचूप फिरतो. तुम्ही म्हणता तेच चांगलं, असेल चांगलं, मला नाही चालणार. टक वाजला पाहिजे. दर आकड्याला टक.

आता कसं सांगू तुम्हाला. बाबा कारखान्यात लेथ मशीनवर होते, उभा जन्म, डोळे जायच्या आधीपासून कानानं माप घ्यायचे. दादा काय करायचा, फेस लावून झाला की रेझर बाबांच्या कानाशी न्यायचा आणि चकती फिरवायचा — टक. टक. दोन झाले की बाबा म्हणायचे, ‘बस.’ मग सुरुवात. रोजच. बाबांनी बस म्हटल्याशिवाय पातं गालाला लागायचं नाही. आता ते प्लॅस्टिकचं, वापरून फेकायचं, त्याला मी टक कुठून आणू? पेन आणलं. बटणाचं. कानाशी धरून दोनदा दाबलं, बाबा म्हणाले, बस. — हसा, हसा, मीही हसलो असतो, दादा असता तर दोघं जिन्यात बसून पोट धरून हसलो असतो. पण मग त्या प्लॅस्टिकनं मी त्यांना कानापासून हनुवटीपर्यंत तीन ठिकाणी कापलं, आणि बाबा काय म्हणाले असतील? म्हणाले, ‘दोनवरच आहे ना रे? तपास बरं.’

जुना रेझर ना? तो गेला. हरवला नाही, दादाबरोबर गेला. त्याच्या शर्टाच्या खिशात. मीच ठेवला.

बसतो जरा. नाही, पाणी नको. — दादा कामावरून येताना जिन्यात बसला, दुसऱ्या मजल्यावर, हातात बाबांची औषधं. दम लागला असेल म्हणून बसला. उठला नाही. एवढंच. एवढंच असतं ते, काका, मला वाटायचं खूप काहीतरी होत असेल. दवाखान्यात नेलं, तिथे त्यांनी चादर ओढली. आईनं मला कपडे आणायला घरी पाठवलं, तर मी कपड्यांबरोबर तो रेझरही उचलला. का, ते नका विचारू. रोज बाबांची दाढी करायचा आणि स्वतःची राहून जायची त्याची, गालावर खुंट तसेच होते. मी केली. पहिल्यांदा हातात धरला मी तो रेझर, आणि एकदाही कापलं नाही, एवढंसंही नाही. हात माझा हलका वाटला मला. नंतर दवाखान्याच्या जिन्यातून उतरताना लक्षात आलं — लागलं असतं तरी रक्त कुठून येणार होतं. रेझर मात्र दाढी झाल्याझाल्या तिथेच पुसून त्याच्या खिशात ठेवला होता. कुणी बघितलं नाही. त्याचा होता, त्याच्याबरोबर जाऊ दे, एवढंच डोक्यात. पुढचं काही डोक्यात नव्हतं, कधी नसतंच माझ्या, आई म्हणते ते खोटं नाही.

आणि घरी आलो तर बाबा खुर्चीत बसलेले. विचारतात, ‘थोरला आला का?’ आई म्हणाली, ‘आला. झोपलाय.’ आता ती असं का म्हणाली — डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, पुन्हा धक्का बसला तर हे उठायचे नाहीत. तिच्या तोंडून निघालं. बाबांनी विचारलं, ‘आणि धाकटा?’ धाकटा म्हणजे मी. मी समोर उभा, हातात त्याच्या चपला. आईनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘त्याला बाहेरगावी काम लागलंय, घाईनं गेला.’ दोन वाक्यं. दोन वाक्यांत तिनं आमची अदलाबदल केली, काका. सकाळी बाबा म्हणाले, थोरल्याला म्हणावं दाढी कर. आईनं मला पाठीत ढकललं आणि म्हणाली, जा.

हे घड्याळ त्याचंच. सैल होतं, दिसतंय ना, कोपरापर्यंत जातं. पण दाढी करताना पट्टा बाबांच्या हनुवटीला लागायचा, थंड, त्यांना तो माहितीये. शर्ट त्याचा. तेल त्याचं. आवाज आमचा सारखाच, फोनवर मामासुद्धा फसायचा, आणि दादा मुळात बोलायचा किती, ‘हं’ आणि ‘मान वर करा’. तेवढं जमतं. शिंक जमत नाही. मी शिंकलो की शेजारचं दार उघडतं, आणि दादा शिंकायचा मांजरासारखा. मला शिंक यायला लागली की मी न्हाणीत पळतो, नळ सोडतो, तोंडात टॉवेल कोंबतो. माझ्या स्वतःच्या घरात मला शिंकता येत नाही. खालून मित्रांनी हाक मारायची नाही, मी बाहेरगावी आहे ना. जेवताना दोन पोळ्यांवर थांबायचं, दादा दोनच खायचा. बरं, हे सगळं करीन मी. पण मला रडायचं असलं, तर कुठे रडू? घरात मीच दादा आहे. दादासाठी दादा कसा रडेल?

नाही, सांगायचं नव्हतं एवढं. तुम्ही ऐकून घेताय म्हणून. तो मागचा दाखवा ना, खोक्यातला.

हा कुणी वापरलाय का? आकडे पुसट झालेत. — नमुन्याचा? मग काय झालं. दांडी आखूड आहे, बरी पकड येते. खालून पिळलं की पातं घालायला वरची दोन दारं उघडतात, हां, दादाच्या रेझरचंही असंच होतं. आणि चकती वाजते. पण थांबा, आधी एक विचारतो, एकवर पातं किती बाहेर येतं? हातावर फिरवून बघू? … लागत नाही. दोनवर. … लागत नाही. केस गेले बघा, कातडीला पत्ता नाही.

आणि फोनचं तर तुम्हाला सांगितलंच नाही. धाकटा बाहेरगावी आहे, मग त्यानं फोन नको करायला? तर मी दाढी करतो, भांडं धुतो, खाली फाटकापाशी जातो आणि माझ्या फोनवरून बाबांना फोन लावतो. धाकटा म्हणून भरपूर बोलतो, काहीही बोलतो, साहेब असा आहे आणि खोली अशी आहे. मग मी वर गेलो की बाबा दादापाशी, म्हणजे माझ्यापाशीच, कुरकुरतात, ‘धाकट्याची नुसती बडबड, यायचं नाव नाही, जाताना भेटूनही गेला नाही.’ मी दादा म्हणून माझी बाजू घेतो. दादा घ्यायचाच. मग मलाच बोलणी, तू लाडावून ठेवलंस त्याला. मजा आहे की नाही? तर परवा मी खालून फोन लावला आणि बाबांनी आवाज एकदम बारीक केला. म्हणाले, ‘आई आत आहे, ऐक. थोरल्याचं काहीतरी बिनसलंय. हात जड झालाय त्याचा. मला कापतो. मी काही बोलत नाही, त्याला लागेल. पण असा हात त्याचा कधी नव्हता, काहीतरी दुखतंय त्याला आणि सांगत नाही. तुझं ऐकतो तो. तू ये.’ आणि रडायला लागले. माझ्या कानात. मी खाली, ते वर, मला आमची खिडकी दिसतेय. मी बोलून गेलो, येतो रविवारी.

आई म्हणाली, तुझ्या जिभेला काही हाड? उद्या रविवार. बाबांनी सगळं ठरवून ठेवलंय — थोरला दाढी करणार, धाकट्यानं शेजारी उभं राहून त्याचा हात बघायचा, काय झालंय ते. दोघं. एका वेळी. आता मी दोघं कुठून होऊ? आई म्हणते, दाढी नीट झाली असती तर त्यांनी बोलावलंच नसतं तुला. खरंय. हात हलका झाला की थोरला बरा. थोरला बरा म्हणजे धाकट्याची कुणाला घाई नाही. म्हणून आलो तुमच्याकडे. — पण खरं सांगू? चालत येताना डोक्यात दुसरंच होतं. म्हटलं, रेझरबिझर काही घ्यायचा नाही. उद्या बाहेरून बेल वाजवायची, माझी बेल, लागोपाठ दोनदा, आणि आत जाऊन मोठ्यानं म्हणायचं, बाबा, मी आलो. मी. ते माझ्या डोक्यावरून हात फिरवतील, म्हणतील किती वाळलास. मग म्हणतील, थोरला कुठेय. म्हणू दे. काय व्हायचं ते —

थांबा. ही माझी रिंग नाही, माझी गाण्याची आहे. ही दादाच्या फोनची. आई लावून देते त्यांना. दोन्ही खिशांत दोन फोन घेऊन फिरतो मी, कुठला — हां. जरा आवाज करू नका.

हं. — हं, बाबा. — दुकानात. — नाही, चालून आलो ना, म्हणून दम. — काही दुखत नाही. — जुन्याची चकती बिघडली होती, बाबा, म्हणून लागत होतं तुम्हाला. हात नाही, चकती. — हो, नवीन घेतोय. — वाजतो ना. ऐका, फोनपाशी धरतो.

टक. टक.

बस? — बस. — हो, तसाच वाजतो. — उद्या करू. — कोण, धाकटा? — … — आला होता फोन त्याचा. — नाही. — उद्या नाही येणार, बाबा. — नाही, पुढच्या रविवारीही नाही. त्याला तिकडेच राहावं लागणार म्हणे. — माहीत नाही. — नाही, मला नाही वाटत तो येईल. — असं काय, अहो. रडू नका. मी आहे ना. मी आहे की इथे. — हं. — मान वर करून बसा, पडून राहू नका. — हं. ठेवतो.

…

द्या. हाच द्या. खोकं नको, पिशवी नको. बघताय काय असे माझ्याकडे, द्या ना — आणि ती चकती सोडा, दोनवरच राहू द्या. हलवू नका.