टँकची जागा मी ठरवली

मी, खाली सही करणारी, वय ४६ वर्षे, व्यवसाय शाळेत प्रयोगशाळा सहायक (दोन वर्षांपासून बिनपगारी रजेवर), राहणार चौथा मजला, पती आणि सासऱ्यांसह. कुणी बोलावलेलं नसताना आज सकाळी सव्वाअकरा वाजता स्वतः ठाण्यात येऊन सांगते ते असं :

परवा मंगळवारी दुपारी पावणेचारला आमच्या हॉलच्या स्लॅबला तडा गेला, खाऱ्या पाण्याचा फिश टँक कलंडून फुटला आणि खालच्या फ्लॅटमध्ये शिवत बसलेल्या ताईंच्या अंगावर छताचा गिलावा कोसळला. त्यांचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला आहे. माझ्या पतींनी त्याच संध्याकाळी तक्रार दिली, तीत टँकची जागा टँकवाल्याने ठरवली असं म्हटलं आहे. टँकवाला कालपासून इथे आहे. जागा त्याने ठरवलेली नाही. मी ठरवली.

टँक पाच फूट लांब होता. पाणी, दगड, वाळू, काच आणि लोखंडी स्टँड धरून वजन एक टनाच्या आसपास. सात महिन्यांपूर्वी टँकवाला जागा बघायला आला तेव्हा खिडकीजवळ नको म्हणाला, ऊन लागून शेवाळ धरेल. दाराजवळ नको, येताजाता धक्का लागेल. मग खांबाला लागून असलेल्या कोपऱ्यात त्याने खडूने चौकोन आखला. "ताई, हीच जागा. वजन सरळ खांबावर उतरेल." पतींनी मान डोलावली आणि ते कामावर गेले.

माझे सासरे, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, वय ८१, कमरेखाली अधू आहेत. त्यांच्या पलंगावरून उघड्या दारातून फक्त हॉलचा मधला भाग दिसतो. मी टँकवाल्याला तो भाग दाखवून म्हटलं, "इथे ठेवा." तो हसला. "ताई, इथे ठेवला तर मासे खालच्या मजल्यावर पोहतील." मी म्हटलं, दुसऱ्या मजल्यावरच्या इंजिनियरांना विचारलंय, ते चालेल म्हणालेत. "साहेब बोललेत तर मग आपण काय बोलणार! पण त्यांनी येऊन बघितलंय ना?" मी हो म्हटलं. खडूचा चौकोन तो गेल्यावर मी ओल्या फडक्याने पुसला.

इंजिनियरांशी माझं त्या महिन्यात एकदाच बोलणं झालं होतं, लिफ्ट सारखी बंद पडते त्याबद्दल. "मला टँकबद्दल कुणी काही विचारलं नाही," असं त्यांनी तुम्हाला सांगितलं आहे, ते बरोबर आहे. त्यामुळे, मी त्यांचं नाव सांगितलं असं म्हणणारा टँकवाला खोटं बोलतोय असं तुम्हाला वाटलं असेल. तो खरं बोलतोय.

तीच जागा का, असं विचारल्यावरून सांगते की, दादांना पडल्या पडल्या बघायला काहीतरी असावं म्हणून मी सुचवलं आणि टँकवाल्याने ती जागा नक्की केली, असं मी घरात सगळ्यांना सांगितलं. नणंद म्हणाली, "वहिनी, तुझ्यासारखी तूच गं." ते अर्धंच होतं. दादा दिवसातून तीस-चाळीस हाका मारायचे. सूनबाई, किती वाजले? सूनबाई, पंखा. सूनबाई, कोण आलं गं? कुणीही आलेलं नसायचं. त्यांनी मला हाका मारू नयेत, एवढंच मला हवं होतं. टँक आल्यावर तसंच झालं. "तो पिवळा आज रुसलाय वाटतं," असं एखादं वाक्य बोलायचे आणि तासन्‌तास गप्प राहायचे. मी दुपारी झोपायला लागले.

मागच्या सोमवारी, म्हणजे घटनेच्या आठ दिवस आधी, टँकमधली पाण्याची रेषा तिरकी दिसली. खिडकीकडच्या बाजूला पाणी बोटभर वर होतं. पाणी तिरकं होत नाही, खालची जमीन होते, हे शाळेतल्या मुलांना मीच शिकवलेलं आहे. टँकवाल्याचा नंबर फोनमध्ये होता. मी दोन बादल्या साधं पाणी ओतलं. पाणी काठाच्या काळ्या पट्टीमागे गेलं आणि रेषा दिसेनाशी झाली. पतींना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर टँक हलवावा लागला असता.

घटनेच्या वेळी मी झोपले होते. आवाजाने उठून खाली धावले. ताई शिलाई मशीनखाली अर्ध्या आत सरकलेल्या होत्या, वरून पाणी गळत होतं. मला बघून त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "अगं, दादा बरे आहेत ना?" मी म्हटलं, हो.

काल दवाखान्यात त्यांना भेटले. त्या म्हणाल्या, "त्या मेल्या टँकवाल्याला सोडू नका हं." एका हाताने त्यांना केस विंचरता येत नव्हते. मी त्यांची वेणी घातली आणि घरी आले.

मी इथे आल्याचं पतींना माहीत नाही.

हा जबाब लिहून घेणाऱ्या बाईंनी मला मोठ्याने वाचून दाखवला. इंजिनियरांची परवानगी असल्याचं मी 'गैरसमजातून' सांगितलं, असं त्यांनी लिहिलं होतं. "असू दे की, तुम्हालाच बरं पडेल," असं त्या म्हणाल्या. माझ्या सांगण्यावरून तो शब्द खोडून तिथे 'खोटे' असा केला आहे. खाडाखोडीशेजारी माझी सही आहे. बाकी सगळं मी सांगितलं तसंच उतरलं आहे.